"पैसा नको म्हणालो तर मुलीचं नुकसान होईल का?"

मी समुपदेशक आहे; हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत येतो. गेल्या वर्षी तो घेऊन आले एक मराठी ख्रिस्ती जोडपं. नवरा बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत फिटर, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी अकरा वर्षांची. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्याला सौदीतल्या जुबैलची ऑफर होती. दोन वर्षांचा करार, हाती पंचाऐंशी हजार, राहणं-खाणं कंपनीचं. बडोद्यात त्याला मिळतात अडतीस.

घरात आधीच जुंपली होती, तीही वचनांनी. नवऱ्याचे वडील म्हणत, द्रव्याचा लोभ हे सर्व वाईटाचं मूळ. हा म्हणे, घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास नाकारतो, हेही शास्त्रातच आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, म्हणून दोन्ही वचनं दाखवायला सांगितलं. दोन्ही पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात निघाली, एक पाचव्या अध्यायात, दुसरं सहाव्यात. बापलेक पानाभराच्या अंतरावरून एकमेकांना मारत होते! आणि मूळ शब्द 'पैसा' नाही, 'पैशाचा लोभ' आहे, हे वडिलांनी स्वतःच मला बजावून सांगितलं. एवढं सांगून मात्र ते गप्प झाले.

बायको बोलतच नव्हती. खूप वेळाने म्हणाली, "ताई, मी थांबवलं तर उद्या घरात काहीही कमी पडलं की बोल मलाच लागेल."

सौदीत चर्च नाही, उघड सामूहिक उपासनेला परवानगी नाही. सुट्टी शुक्रवार-शनिवारी, रविवार कामाचा. वडिलांचा सगळा जीव यात अडकला होता. मी त्याला विचारलं, "इथे रविवारी काय करता?" महिन्यातले दोन रविवार ओव्हरटाइम, कारण दर दुप्पट. उरलेले दोन झोपेत. फत्तेगंजच्या चर्चमध्ये मुलीला आजोबा नेतात. ती वर्षभर तिथल्या गायकवृंदात गातेय हे त्याला कळलं व्हॉट्सअॅपवरच्या व्हिडिओतून. हे सांगताना तो खाली बघत होता. म्हणजे जुबैल पुढचं होतं, रविवार त्याच्या हातून आधीच गेला होता.

मी त्याला कागद दिला. पैसा कशाला हवा ते लिहा, पुढे आकडा, पुढे तारीख. पहिली ओळ: घराचं कर्ज, चौदा लाख, आठ वर्षं. दुसरी: मुलीचं शिक्षण, अंदाजे आकडा. तिसरी: वाघोडिया रोडला प्लॉट. चौथी नुसतीच 'बाकी'. शेवटच्या दोन्हींपुढे ना आकडा ना तारीख. मला अशा ओळींची भीती वाटते. त्या कधी भरत नाहीत.

मग हिशेब. दोन रविवारांच्या ओव्हरटाइमचे मिळत होते सुमारे ५,८०० रुपये. ते सोडायचे तर भरून कुठून काढायचे? कर्जाचा हप्ता २०,५००, व्याज ९ टक्के. मुदत आठऐवजी बारा वर्षं केली तर हप्ता सोळा हजारांच्या आत येतो, म्हणजे सुमारे ४,६०० सुटतात. पण व्याजापोटी एकूण सव्वातीन लाख जास्त जातात, हेही मी त्याच कागदावर लिहिलं. अशा वेळी समुपदेशकाने किंमत लपवली की सल्ला प्रवचन होतो. बायकोने तो आकडा दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच नवऱ्याकडे वळून म्हणाली, "चालेल मला. पण हे दोघांनी ठरवलं असं पप्पांसमोर तुम्ही बोलायचं."

त्याने ते सांगितलं. ऑफर सोडली. रविवारचा ओव्हरटाइमही बंद केला. वरचे बाराशे रुपये त्यांनी खर्चातून कमी केले, कुठून ते मी विचारलं नाही.

कर्ज थकलेलं असतं, घरात आजारपण असतं, तर मी कदाचित त्याला जाण्याची तयारी करून दिली असती. जाणारे सगळे लोभी नसतात. याच्या घरी चूल पेटत होती, म्हणून हा रस्ता खुला होता.

परवा तो एकटाच आला. बरोबरच्या मित्राने जुबैलला जाऊन इकडे गाडी घेतली, फोटो पाठवला. "चर्चमध्ये बसलो होतो ताई, आणि डोळ्यांपुढे गाडी," म्हणाला. पुढच्या भेटीला बायकोलाही बोलावलं आहे.