डोळे पिवळे झालेत, गोळी बंद करू का?

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, ज्यांची औषधं बदलून अटाझानाविर-रिटोनाविर सुरू होतं, त्यांच्यापैकी कित्येकांच्या तोंडी थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतो. म्हणून एका ताईंची हकिकत लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई खानावळ चालवतात. आधीच्या औषधांवर त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, हजाराच्या वर गेला आणि पुन्हा तपासला तरी उतरला नाही, म्हणून त्यांना सेकंड लाईन, म्हणजे पहिली औषधं चालेनाशी झाल्यावरची औषधं, लागली. महिनाभरात एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मावशी, डोळे असे पिवळे का?" जेवण देणाऱ्या बाईलाच कावीळ, म्हटल्यावर डबे कमी व्हायला वेळ लागला नाही. घरच्यांनी काविळीचा झाडपाला आणला, तेल-तूप बंद केलं. ताई उसाचा रस आणि मुगाच्या कढणावर राहिल्या. जळजळ सुरू झाली तशी मेडिकलमधून गॅसची गोळी आणली, ती रोज सकाळी. शेवटी अटाझानाविरची गोळी बंद केली. बाकीच्या गोळ्या मात्र चालू ठेवल्या.

माझ्यासमोर बसल्या तेव्हा त्यांना एकच विचारायचं होतं, "मॅडम, लिव्हर गेलं का माझं?"

मी आधी त्यांना लघवीचा रंग विचारला. नेहमीसारखा होता. उलट्या नाहीत, पोटात उजवीकडे दुखणं नाही, अंगाला खाज नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्त घ्यायला लावलं. बिलिरुबिन वाढलेलं होतं, पण जवळजवळ सगळं 'इनडायरेक्ट' प्रकारचं, म्हणजे यकृतानं अजून प्रक्रिया न केलेलं. यकृताला इजा झाली की वाढणारं एसजीपीटी नॉर्मल, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह.

मग रिपोर्ट हातात घेऊन बोललो. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात तेव्हा बिलिरुबिन तयार होतं. यकृत एका एन्झाइमच्या मदतीनं ते बाहेर टाकतं. अटाझानाविर त्या एन्झाइमचं काम मंदावतं, म्हणून बिलिरुबिन साठतं आणि डोळ्यांत दिसतं. यात यकृताच्या पेशींना इजा होत नाही. गोळी बदलली तर हा पिवळेपणा जातो.

पण एवढं वाचून कुणी घरी बसून निष्कर्ष काढू नये, ही माझी कळकळीची विनंती. ही गोळी घेणाऱ्यालाही खरी कावीळ होऊ शकते: दूषित पाण्यानं, दारूनं, टीबीच्या औषधांनी. लघवी गडद झाली, शौच पांढरट झालं, उलट्या, ताप किंवा पोटदुखी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही नसेल तरी तपासणी हवीच. फरक रिपोर्टवरूनच कळतो.

मला जास्त काळजी वाटली ती ताईंच्या पथ्याची. ही गोळी जेवणासोबतच घ्यायची असते. ती अंगी लागायला पोटात अन्न हवं आणि आम्लही हवं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या नेमकं ते आम्ल कमी करतात. म्हणजे बंद करण्याच्या आधीपासूनच औषध रक्तात पुरेसं पोचत नसणार. त्यात एकच गोळी सोडून बाकीच्या घेत राहिलं की विषाणूला त्या उरलेल्या औषधांना दाद न देण्याची सवय लागते. सेकंड लाईननंतर हाताशी फार पर्याय उरत नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. झाडपाला बंद, गॅसची गोळी बंद, दोन वेळचं साधं जेवण सुरू. जळजळीवर काय घ्यायचं आणि गोळीपासून किती अंतरानं, ते डॉक्टरांनी लिहून दिलं.

अटाझानाविरऐवजी लोपिनाविर या दुसऱ्या औषधावर जाण्याचा पर्यायही डॉक्टरांनी ताईंपुढे ठेवला. डोळ्यांमुळे धंदा बसत असेल तर ते कारण क्षुल्लक नाही, असं माझंही मत आहे. पण त्या गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्या लागतात आणि अनेकांना जुलाब होतात. ताईंनी विचार करून आहे तेच औषध पुढे चालू ठेवलं. गिऱ्हाइकांना काय सांगायचं, हा त्यांचा खरा पेच होता. "एका औषधानं डोळे पिवळे दिसतात, तपासणी केली आहे, कावीळ नाही," एवढं पुरे. औषध कशाचं, हे विचारायचा हक्क कुणालाच नाही. एचआयव्हीची स्थिती उघड करायला भाग पाडण्याविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. एचआयव्हीबद्दल फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

उठता उठता ताई म्हणाल्या, गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. मी त्यांना परत बसवलं. अटाझानाविर रक्तात टिकावं म्हणून सोबत रिटोनाविर दिलेलं असतं, आणि ते इतर कितीतरी औषधंही अंगात साठवून ठेवतं. सांध्यात देतात ते ट्रायमसिनोलोन, दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोन, अर्धशिशीवरचं एर्गोटामिन, कोलेस्टेरॉलसाठीचं सिमव्हास्टॅटिन, ही त्यातली धोक्याची नावं. एर्गोटामिननं तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. टीबीच्या रिफाम्पिसिनचं उलट आहे, ते अटाझानाविरच रक्तातून घालवतं. ताईंच्या संमतीनं आमच्या डॉक्टरांनी हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते इंजेक्शन रद्द झालं आणि गुडघ्यासाठी व्यायाम ठरले.