घरात त्या अपघाताविषयी बोलावे की नाही?

“अपघाताचा विषय घरात काढायचाच नाही, असे आम्ही ठरवले आहे. मुलाची जखम पुन्हा चिघळू नये म्हणून. हे बरोबर आहे ना?” एका आईने पहिल्याच भेटीत विचारले. मोटारीच्या अपघातात आजोबा गेले होते; गाडी वडील चालवत होते आणि आठ वर्षांचा मुलगा मागे बसला होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) चार महिने उलटूनही मुलगा झोपेतून दचकून उठत होता, अंथरूण ओले करत होता आणि खेळण्यातल्या गाड्या पुन्हा पुन्हा एकमेकींवर आदळत होता. सुरुवातीच्या काही आठवड्यांत असे होणे स्वाभाविक असते. परंतु महिन्यानंतरही ते टिकले आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

मी आधी आईवडिलांशी बोललो. वडील अपराधी भावनेने गप्प झाले होते आणि सगळे घर आई एकटी सांभाळत होती. कुटुंबाला सावरणाऱ्याने कधी रडूच नये, असे तिला वाटे. मला मात्र तिचे न रडणेच अधिक काळजीचे वाटले. मुलाला खंबीर चेहऱ्यापेक्षा जेवणाझोपेच्या ठरलेल्या वेळा आणि खरी उत्तरे यांचा आधार अधिक वाटतो.

आघात-केंद्रित, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्यावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत मूल आणि पालक यांच्याबरोबर आधी स्वतंत्रपणे आणि मग एकत्र काम केले जाते. श्वासावर लक्ष देणे आणि भावना ओळखणे जमू लागल्यावर मुलाने अपघाताची गोष्ट चित्रांतून, थोडी थोडी सांगितली. त्यासाठी त्याच्यावर कधीच जबरदस्ती केली नाही, कारण बळेच वदवून घेतल्याने अपाय होऊ शकतो. एके दिवशी तो म्हणाला, “मी बाबांना हाक मारली, म्हणून धडक झाली.” या वयाची मुले घडलेल्याचा दोष सहज स्वतःकडे घेतात, आणि घरातल्या मौनामुळे त्याचा तो समज पक्का झाला होता.

एकत्र भेटीत वडिलांनी त्याला सांगितले, “समोरची गाडी घसरून आपल्या बाजूला आली. तू हाक मारली नसतीस, तरी ती आलीच असती.” मुलाने तेच तीन-चार वेळा विचारले आणि वडिलांनी दर वेळी न कंटाळता उत्तर दिले. पुढे त्याची झोप हळूहळू सुधारली. वडिलांनी स्वतःसाठी वेगळे उपचार सुरू केले आहेत. वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास भीती पुन्हा उसळू शकते, म्हणून त्या दिवसाचे नियोजन सध्या तिघे मिळून करत आहेत.