दुकानात दिसलेली मराठी घरी आल्यावर कुठे गेली?

प्रश्न : ताई नमस्कार, मी एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सेमिस्टरला असाइनमेंट झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलं, तिथे छान दिसत होतं पण घरी फाइल उघडली तर नुसती इंग्लिश अक्षरं आणि खुणा. अनुक्रमणिकेतले पान नंबर पण जुळले नाहीत, मार्क गेले. सूचनेत टाइम्स न्यू रोमन १२ लिहिलंय, ते मराठीला लागतच नाही. या वेळी स्वतः टाइप करणार आहे, काय करू?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : अगं, तुझी चूक नाहीये यात. दुकानात जुना फॉन्ट वापरला असणार, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारखा. त्यात फाइलमध्ये खरं तर इंग्लिश अक्षरंच असतात, फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवलेला असतो, त्यामुळे ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे मराठी गायब. म्हणून टायपिंग युनिकोडमध्येच कर, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो, मग फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो.

टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं. ती सूचना इंग्लिश मजकुरासाठी धर आणि मराठीला कुठला फॉन्ट चालेल ते मॅडमना आधीच विचारून घे. मला विचारशील तर विंडोजच्या मंगल फॉन्टपेक्षा टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घे, फुकट आहे आणि त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, मंगलमधला ल हिंदी वळणाचा आहे आणि मराठीच्या असाइनमेंटमध्ये तो मला खरंच खुपतो. साइज १४ ठेव, १२ मध्ये वेलांट्या बारीक होतात. साइज बदलूनही अक्षर तेवढंच राहिलं तर फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा वेगळा रकाना असतो, मराठीची साइज तिथे बदलायची.

पान नंबर चुकतात कारण आपण एंटर मारत मारत पुढच्या पानावर जातो, मग मागे दोन ओळी वाढल्या की पुढचं सगळं सरकतं. नवीन प्रकरणाला कंट्रोल एंटर दाब, मथळ्यांना हेडिंग स्टाइल लाव आणि अनुक्रमणिका वर्डलाच बनवू दे, शेवटी फक्त अपडेट करायची. डावीकडे दीड इंच समास सोड, नाहीतर स्पायरलची भोकं ओळीतले पहिले शब्द खातात.

आणि एक, ज्याच्यावर माझा फार जीव आहे. 'दुसऱ्या' लिहिताना साधा र घेतलास तर 'दुसर्या' होतं, रफार य वर जाऊन बसतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, मग पाय मोडून य. तऱ्हा, वाऱ्यावर, सगळे शब्द तसेच. पीडीएफ झाली की मैत्रिणीच्या मोबाइलवर उघडून आधी हेच शब्द बघ, मगच प्रिंटला जा.