खमीर : विरजण, यीस्ट की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे : बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायातल्या एका दाखल्यात (बोधकथेत), येशू स्वर्गाच्या राज्याला बाईने पिठात मिसळलेल्या खमिराची उपमा देतो आणि सोळाव्या अध्यायात तोच शिष्यांना परूशी व सदूकी या यहूदी धर्मपंथांच्या खमिरापासून जपायला सांगतो. मग खमीर चांगले की वाईट? आणि आजच्या वाचकासाठी त्याला विरजण म्हणावे की यीस्ट?

आधी वस्तू पाहू. खमीर म्हणजे आदल्या दिवशीच्या आंबलेल्या कणकेतून राखून ठेवलेला गोळा. आज पीठ मळताना तो कुस्करून त्यात मिसळायचा, आणि पीठ फुगले की भाजायला घेण्याआधी मूठभर गोळा उद्यासाठी काढून ठेवायचा. या गोळ्यात यीस्ट असते, त्याच्या जोडीला आम्ल तयार करणारे जिवाणूही असतात. यीस्टच्या वायूने पीठ फुगते, जिवाणूंमुळे त्याला आंबूस चव येते. पाकिटातले यीस्ट पुष्कळ अलीकडचे; येशूच्या काळी गालील प्रांतातल्या बाईजवळ असायचा तो हा गोळाच.

म्हणून भाषांतरात 'यीस्ट' लिहिले तर एक महत्त्वाची गोष्ट हरवते. पाकीट दर वेळी नवे फोडता येते, खमीर मात्र जुन्यातून नव्यात जाते. रीत समजावून सांगायला मराठीत विरजणाइतके जवळचे काहीच नाही : कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात, आजच्या दह्याचा चमचा उद्याच्या दुधात. प्रवचनात हे जरूर सांगावे. शास्त्रपाठात मात्र 'खमीर'च ठेवावे, कारण विरजण म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दूध येते, आणि विरजणाने काही फुगत नाही. 'बेखमीर भाकर' हा रूढ शब्दही मग अधांतरी राहील.

आता चांगले-वाईट. दाखल्यातली बाई तीन मापे पिठात खमीर लपवते. मूळ ग्रीकमध्ये माप आहे 'सातोन', म्हणजे हिब्रू 'सेआ'. प्रचलित हिशेबाने एक सेआ सुमारे १३ लिटरचा, म्हणजे तीन मापे जवळजवळ ३९ लिटर पीठ, वजनात २० किलोच्या वर. शंभरावर माणसे जेवतील एवढे. अब्राहाम तीन पाहुण्यांसाठी सारेला एवढेच पीठ मळायला सांगतो (उत्पत्ती १८:६). एका घराच्या रोजच्या भाकरीचे हे माप नव्हे, मेजवानीचे आहे. त्यात गोळा एकदा मिसळला की दिसत नाही, वेगळा काढता येत नाही, आणि वेळ गेला की सगळे पीठ त्याच्यासारखे होते. उपमा या रीतीची आहे, आंबटपणाची नाही.

हीच रीत उलटही चालते. गोळा बिघडला, त्यात नको ते जिवाणू वाढले, तर आजची भाकर बिघडतेच. शिवाय उद्यासाठी काढलेला गोळाही बिघडलेलाच असतो. ताजे पीठ घालून तो सुधारेल याची खात्री नसते. खात्रीचा उपाय एकच : सगळे टाकून नुसत्या पिठापाण्यापासून नवे खमीर धरायचे, आणि त्याला पाच-सात दिवस तरी लागतात. निर्गम १२:१५ मध्ये बेखमीर भाकरीच्या सणाला सात दिवस घरात खमीर नको असा जो नियम आहे, त्याने ही साखळी वर्षातून एकदा तुटत असे. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला 'जुने खमीर काढून टाका' म्हणतो (१ करिंथ ५:७), त्यातला 'जुने' हा शब्द इथे पुरता उलगडतो. वाईट सवय मंडळीत एकाकडून दुसऱ्याकडे, कालकडून आजकडे अशीच जाते. परूश्यांच्या खमिराचा अर्थ मत्तय १६:१२ मध्ये 'शिकवण' असा दिला आहे आणि लूक १२:१ मध्ये 'ढोंग' असा. शिकवण आणि ढोंग, दोन्ही न दिसता पसरतात.

काही भाष्यकार खमीर सर्वत्र पापाचेच चिन्ह धरतात आणि दाखल्यातही तोच अर्थ लावतात. मला ते पटत नाही. 'स्वर्गाचे राज्य खमिरासारखे आहे' हे वाक्य सरळ आहे, आणि लेवीय २३:१७ मध्ये सप्ताहांच्या सणाला खमीर घातलेल्या दोन भाकरी परमेश्वरापुढे आणायला सांगितल्या आहेत.

लेखनाविषयी : शब्द अरबी, फारसीमार्गे आलेला. वकील-वकिलाचा, गरीब-गरिबाचा तसे खमीर-खमिराचा. सामान्यरूपात 'मि' ऱ्हस्व.

संडे स्कूलमध्ये दाखला करून दाखवायचा असेल तर खाण्याचा सोडा वापरू नका. सोडा वाढत नाही, घातला तेवढाच काम करतो, आणि मुलांच्या मनात नेमकी उलटी गोष्ट बसते. अर्धा किलो मैद्याला १०० ग्रॅम खमीर, ३०० मिलिलिटर कोमट पाणी, १० ग्रॅम मीठ. पाण्यात बोट सहज ठेवता आले पाहिजे. कढत पाण्याने यीस्ट मरते आणि पीठ तसेच पडून राहते. झाकून ठेवल्यावर आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार-पाच तासांत फुगते, थंडीत आठ तासही लागतात. दिवसभर विसरले तर पीठ फार आंबते, चिकटा सुटतो आणि ते खाली बसते. मळण्याआधी खमिराचा गोळा मुलांच्या हातात द्या, मळल्यावर तो शोधून काढायला सांगा.