विमानं रंगवणारी लेक आणि बारावीचं वर्ष

प्रश्न : माझा हर्णै बंदरावर होड्या रंगवायचा आणि त्यांच्यावर नावं घालायचा धंदा आहे. मुलगी दापोलीला अकरावी सायन्सला आहे. रात्री जेवण झालं की कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा खेळ असतो, त्यातल्या विमानांना रंग भरत बसते. तिची विमानं परदेशातले लोक फुकट उतरवून घेतात. आता एकाने पैसे देऊन तीन विमानं रंगवून मागितली आहेत. तिला यातच करिअर करायचंय. शहरातल्या एका संस्थेने कोर्सचे अडीच लाख सांगितले. घरचे म्हणतात, सायन्स घेतलंय तर इंजिनिअरिंगलाच घाला. विमानं रंगवून पोट भरतं का? तिची तीन चित्रं सोबत पाठवतोय. – एक पालक, हर्णै

दादा, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. निव्वळ सिम्युलेटरची विमानं रंगवून घर चालेल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ही विमानं तयार करून विकणारे बरेचसे गट लहान असतात. माणसं वेगवेगळ्या देशांत घरी बसून काम करतात, पैसे विमानामागे ठरतात आणि एक काम संपल्यावर पुढचं कधी येईल याचा नेम नसतो. जोडधंदा म्हणून उत्तम, पण त्याच्या भरवशावर कर्जाचा हप्ता लावू नये. मात्र हे करता करता ती जे शिकतेय, ते गेम, सिनेमातलं व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवर तयार केलेली दृश्यं), जाहिराती, प्रशिक्षणाची सिम्युलेटरं अशा बऱ्याच ठिकाणी लागतं. तिथे या कामाला टेक्स्चरिंग म्हणतात आणि करणाऱ्याला टेक्स्चर आर्टिस्ट. करिअर म्हणून ते धरा. विमानं हा तिचा सराव.

‘रंग भरत बसते’ असं तुम्ही लिहिलंय. रंग भरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. कॉम्प्युटरमधलं विमान म्हणजे आधी नुसता आकार असतो. त्याचं अंग, शिवलेलं झबलं उसवून जमिनीवर पसरावं तसं, चौकोनी पानांवर सपाट पसरलेलं असतं. पंख एका कोपऱ्यात, शेपूट दुसरीकडे, नाक तिसऱ्याच पानावर. दारापासून शेपटीपर्यंत तिरका जाणारा कंपनीचा पट्टा अशा तुकड्यांवर रंगवायचा आणि विमानावर चढल्यावर तो कुठेही तुटलेला दिसता कामा नये.

शिवाय हिशेब आहे. ही पानं बऱ्याचदा ४०९६ गुणिले ४०९६ ठिपक्यांची असतात. एअरबस ए३२० ची लांबी ३७.५७ मीटर. ती सगळी एका पानाच्या रुंदीत बसवली तर एक ठिपका साधारण ९ मिलिमीटरचा होतो. बहुतेक रिव्हेटांची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, डोकी त्याहून लहान, म्हणजे रिव्हेटच्या वाट्याला अख्खा ठिपकाही येत नाही. दाराजवळच्या बारीक सूचना तर वाचायलाच नकोत. म्हणून विमान अनेक पानांत तोडावं लागतं. पानं वाढवली की ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरते: असं एक पान मूळ स्वरूपात ६४ एमबी खातं, चांगलं कॉम्प्रेस केलं तर १६ एमबी. बारकावा कुठे द्यायचा आणि कुठे सोडून द्यायचा, हे ठरवण्यात या कामाची अर्धी अक्कल जाते.

आणि एका भागाला एक चित्र पुरत नाही. रंगाचं चित्र वेगळं, पृष्ठभाग खरखरीत की तुळतुळीत हे सांगणारं वेगळं, उघडा धातू कुठे आहे त्याचं वेगळं, पत्र्याचे सांधे आणि रिव्हेट उठून दिसावेत म्हणून आणखी एक. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये यातली काही एकाच चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या भागांत भरतात: लालमध्ये खाचाखोचांतला काळोख, हिरव्यात खरखरीतपणा, निळ्यात धातू. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरची मांडणी निराळी, त्यामुळे इथलं काम उचलून तिथे ठेवता येत नाही. नवा ऑइल पेंट आणि दोन पावसाळे खाल्लेला ऑइल पेंट यांचा रंग पुष्कळदा तोच असतो, चमक गेलेली असते. हे मी तुम्हाला काय सांगणार! तुमची लेक तेच दुसऱ्या चित्रात भरते.

पुढचा भाग तिला वाचायला द्या.

बाळ, तुझी चित्रं मी पाहिली आणि या क्षेत्रातल्या एका ओळखीच्या आर्टिस्टलाही दाखवली. हात चांगला आहे. अक्षरं सुंदर आहेत, भारतीय विमानांवर असते ती ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं पंखाखालीही आठवणीने घातलीस. ती कुठून आली ते कळतंच. आता खटकलेलं सांगतो. पंखाखालची सावली तू रंगाच्या चित्रातच रंगवलीस. जुन्या सिम्युलेटरांत ते खपायचं. आता प्रकाश सिम्युलेटर स्वतः टाकतो. सूर्य फिरतो आणि तुझी सावली जागच्या जागी राहते. दुसरं, विमान अ‍ॅल्युमिनियमचं म्हणून तू सगळ्या अंगाला धातू दिलायस. रंगाखाली धातू असला तरी डोळ्याला दिसतो तो रंग, म्हणून तिथे धातूचं मूल्य शून्य ठेवायचं. पंखाची पुढची कड, इंजिनाच्या तोंडाची किनार आणि रंगाचा टवका उडालेली जागा, एवढ्याच ठिकाणी ते पूर्ण द्यायचं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या विमानावरचा मळ सगळीकडे सारखा आहे. मळ कुठून तरी येतो आणि कुठे तरी जातो. उडताना वाऱ्याने तो मागे ओढला जातो, उभ्या विमानावर पावसाचा ओघळ सरळ खाली येतो. एकाच दारापाशी दोन्ही दिशांच्या खुणा सापडू शकतात. पोटाखाली मळ जास्त, निचऱ्याच्या छिद्रांमागे लांब ओघळ. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानात धुराड्यापासून मागे काळपट पट्टा जातो. आणि विमानाच्या पत्र्यावर तू लालसर गंज दिलायस तो पुसून टाक. अ‍ॅल्युमिनियमला लाल गंज चढत नाही, पांढरट भुकटी येते.

या विषयात तुझे मास्तर घरातच आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या असतात; खरवडणं, लांबी (पुट्टी) भरणं, रंगाचा पहिला हात, दुसरा हात सगळं तुझ्यासमोर चालतं. खिळ्यापासून निघालेला ओघळ वर दाट आणि खाली फिका का होतो, दोरी घासते तिथे जुन्या रंगांचे थर कोणत्या क्रमाने उघडे पडतात, पाण्याच्या रेषेवर रंग आधी का जातो, हे बाबांना विचार. फोटो ढगाळ दिवशी काढ, म्हणजे त्यात ऊन-सावली शिरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे ढगाळ दिवसांची कमी नाही. मग ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक ट्रॉलर तयार करून तो रंगव. पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या नमुन्यांत, ए३२० दाखवणारे ढिगाने आहेत, हर्णैचा ट्रॉलर दाखवणारी तू एकटीच असशील. सोबत उसवलेली पानंही दाखव, आणि एकच वस्तू नवी आणि वापरलेली अशा दोन्ही रूपांत.

खरी विमानं जवळून बघायची तर गोव्यात वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. सी हॅरियर, सी हॉक, अलिझे, भलंमोठं सुपर कॉन्स्टेलेशन, सगळी समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर उभी आहेत. शेजारचा दाबोळी विमानतळ मात्र नौदलाचा आहे, तिथे कॅमेरा बाहेर काढू नकोस.

दादा, आता शिक्षणाचं. बारावी सायन्स नीट पूर्ण होऊ द्या, त्यात तडजोड नको. सायन्स असल्याने कोणताही रस्ता बंद होत नाही. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते आणि तिच्यातून डिझाइनच्या पदवीला प्रवेश मिळतो. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी असते. दुसरा रस्ता बीएफएचा, म्हणजे चित्रकलेसारख्या कलांच्या पदवीचा. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची कलाशाखेची सीईटी असते. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे, म्हणजे घरापासून फार लांब जायला नको. मुंबईच्या जे. जे.ला आता अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे, तेव्हा तिथली प्रवेशाची पद्धत त्या वर्षी थेट त्यांच्याकडूनच समजून घ्या. माझं मत विचाराल तर तिच्यासाठी बीएफए बरं. सॉफ्टवेअर ती स्वतः शिकतेच आहे. तिला हवंय ते रोज समोर वस्तू ठेवून काढायला लावणारं कोणीतरी. इंजिनिअरिंगला घालून ती वाया जाईल असं नाही, पण चार वर्षं ती रात्रीच चित्रं काढत राहील, हे धरून चाला.

घरात कोणी म्हणालं की ‘पायलटच्या ट्रेनिंगचे सिम्युलेटर असतात, तिथे लावू’, तर एवढं लक्षात ठेवा की तिथे वैमानिक खऱ्यासारख्या कॉकपिटमध्ये बसतो आणि काचेतून बाहेर बघतो. स्वतःच्या विमानाचा रंग त्याला क्वचितच दिसतो. तिथे गरज धावपट्टी, इमारती, डोंगर, किनारा बनवणाऱ्यांची. म्हणून तिने जमीन आणि इमारतीही रंगवून बघाव्यात.

अडीच लाखांचा कोर्स घेऊ नका. ‘शंभर टक्के नोकरी’ लिहिलेलं असेल तर दुप्पट वेगाने परत फिरा. ब्लेंडर, गिंप, क्रिता ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि शिकायला पुरून उरतात. त्यासाठी कर्ज काढायचं तर मुळीच नाही. त्याहून बऱ्याच कमी पैशांत लॅपटॉपऐवजी चांगला डेस्कटॉप घ्या, ग्राफिक्स कार्डाला किमान ८ जीबी मेमरी बघा आणि यूपीएस विसरू नका. जुलैत लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे. फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायची सवय लावा.

राहिली ती परदेशातली ऑर्डर. मुलगी अठराच्या आतली, त्यामुळे कायद्याने तिचा करार धरला जात नाही. बोलणं आणि लेखी कबुली तुमच्या नावाने होऊ द्या. विमानाचं मूळ मॉडेल ज्याने बनवलं त्याची परवानगी पाहा. पुष्कळ निर्माते रंगासाठी पानं मोकळी देतात, पण त्यावर पैसे घेऊ देत नाहीत. फुकट वाटायला चालतं ते विकायला चालेलच असं नाही, आणि विमान कंपनीचं बोधचिन्ह तर तिची मालमत्ता. ज्यात असली भानगड नको असेल तिथे फ्लाइटगिअर आहे. हा सिम्युलेटर मुक्त परवान्याचा आहे, त्यातल्या विमानांवर काम करून ते तिच्या नावानिशी जोडता येतं आणि पोर्टफोलिओत उघडपणे दाखवता येतं.

परवानगी असेल तर तीन विमानं एकदम घेऊ नका, एकच घ्या. किती वेळा बदल करून देणार ते आधी लिहून ठेवा, निम्मे पैसे आगाऊ मागा. तासांची नोंद तिला वहीत ठेवू द्या, म्हणजे दुसऱ्या विमानाचा दर अंदाजाने सांगावा लागणार नाही. पैसे तुमच्या खात्यावर येऊ देत. परदेशातून रक्कम येताना बँक कारण विचारते, तेव्हा शाखेत आधीच जाऊन काय कागद लागतील ते विचारून ठेवा.