वर्गात शब्द सापडत नाहीत

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वय ३८. सोळाव्या वर्षापासून फिट येतात. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, मग मिनिटभर मी हरवते, ओठ चाटत राहते, असं आमचे ‘हे’ सांगतात. दिवाळीत डॉक्टरांनी जुन्या गोळीला टोपिरामेटची जोड दिली. फिट थांबल्या, पण आता बोलताना शब्द सापडत नाहीत. परवा फळ्यासमोर ‘विशेषण’ हा शब्दच आठवेना, मुलं हसली. मुलांची नावं मी विसरते, पण ते आधीपासूनच. सासूबाई म्हणतात, फिटनी डोकं कामातून गेलं. ही गोळी सोडून देऊ का?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका. फिटची गोळी एकदम बंद केली तर फिट परत येऊ शकते. कधी एकामागून एक येत राहते आणि थेट आयसीयू गाठावं लागतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुमचा हात कचऱ्याच्या डब्याकडे जाईल.

तुमच्या तक्रारी दोन आहेत. शब्द अडणं दिवाळीनंतरचं, आणि टोपिरामेटचा हा ओळखीचा त्रास आहे. शब्द सापडत नाही, विचार संथ होतो, जोडीला बोटांना मुंग्या येतात, भूक मंदावते. डोस मोठा असला किंवा भराभर वाढवला तर जास्तच. डोस उतरवला किंवा गोळी बदलली की बहुतेकांचा हा त्रास जातो. लॅमोट्रिजिन हे फिटचं दुसरं औषध डोक्याला बरंच हलकं पडतं, पण अंगावर पुरळ येण्याच्या भीतीने ते आठवड्या-आठवड्याने वाढवावं लागतं. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते. आठवीच्या वर्गावर ते परवडेल का, तुम्हीच ठरवा!

नावं विसरणं मात्र जुनं आहे. पोटातून वर चढणं, हरवणं, ओठ चाटणं हे वर्णन मेंदूच्या कानशिलामागच्या भागाकडे, म्हणजे टेम्पोरल लोबकडे बोट दाखवतं. नव्या आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस तिथेच आत असतो. बहुतेकांमध्ये मेंदूची डावी बाजू शब्द आणि नावं सांभाळते. फिट तिथून निघत असतील तर दोन फिटच्या मधल्या काळातही स्मरण थोडं कच्चं राहतं.

सासूबाईंना हेन्री मोलेसनची गोष्ट सांगा. १९५३ साली अमेरिकेत फिटसाठी त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. फिट कमी झाल्या, पण नवी भेटलेली माणसं त्याच्या लक्षात राहीनात. तरी बुद्ध्यांक चांगला होता, शब्दकोडी तो आवडीने सोडवायचा. तुमचं तर एवढं काहीच झालेलं नाही. नाव विसरणारी बाई समास उत्तम शिकवू शकते.

डॉक्टरांकडे न्यूरोसायकॉलॉजिस्टची, म्हणजे स्मरण आणि विचार तपासणाऱ्या तज्ज्ञाची तपासणी मागा. शब्दांची यादी पुन्हा पुन्हा वाचून दाखवतात आणि अर्ध्या तासाने विचारतात. मिनिटभरात एका अक्षराचे जमतील तेवढे शब्द सांगायला लावतात. वेळ लागतो, पण स्मरण कच्चं आहे की गोळीने वेग मंदावलाय, याचा बराच अंदाज येतो. झोप आणि मन यांचीही चौकशी होऊ द्या. उत्तरपत्रिका तपासत जागरणं होत असतील किंवा उदास वाटत असेल, तर धडधाकट माणसाचंही स्मरण घसरतं. शिवाय जागरणाने फिटही ओढवते.

‘ह्यां’ना सोबत न्या, हरवता ती मिनिटं त्यांनीच पाहिलेली असतात. रात्री झोपेत काही होतं का, सकाळी जीभ चावलेली असते का, हे त्यांना विचारून ठेवा. आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तो याच भेटीत बोला. टोपिरामेटमुळे बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो, म्हणजे गोळी बदलायला ते आणखी एक कारण झालं.