वाचकांचे प्रश्न : केमिकल इंजिनिअरिंगचा अभ्यास

प्रश्न : केमिस्ट्री आवडते म्हणून ही शाखा घेतली. वर्ष संपत आले तरी अभिक्रिया फारशा दिसल्या नाहीत. पाइप, पंप आणि उष्णता एवढेच चालू आहे. माझे काही चुकले का?

उत्तर : चुकले काहीच नाही. अभिक्रिया येतील, पण त्या पाठ करण्यासाठी येणार नाहीत. किती वेगाने होते, किती उष्णता सोडते आणि मिश्रणातून हवे ते वेगळे कसे काढायचे, हे तिथे विचारले जाईल. सध्या डिफरन्शियल इक्वेशन पक्की करून ठेवा. रिॲक्टर डिझाइनच्या पेपरात केमिस्ट्रीपेक्षा तीच जास्त लागतात.

प्रश्न : मटेरियल बॅलन्समध्ये (प्लांटमध्ये किती आत आले, किती बाहेर गेले याच्या हिशेबात) साधी गणिते सुटतात. रीसायकल (न वापरलेला वायू परत फिरवणे) आणि परज (त्यातला थोडा सतत बाहेर सोडणे) आले की समीकरणे ढीगभर होतात आणि उत्तर येत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : रिॲक्टरपासून तर मुळीच नको. सगळ्यात जास्त अज्ञात आकडे तिथेच असतात, आणि बहुतेक जण नेमके तिथेच पेन टेकवतात. आधी संपूर्ण प्लांटभोवती एक तुटक रेषा काढा. रीसायकलचा प्रवाह त्या रेषेच्या आतच फिरतो, म्हणून पहिल्या हिशेबातून तो आपोआप गळतो.

एक उदाहरण घेऊ. ताज्या फीडमध्ये (प्लांटमध्ये येणाऱ्या कच्च्या मालात) तासाला ९९ किलोमोल 'अ' आणि १ किलोमोल निष्क्रिय वायू येतो. 'अ'च्या एका मोलचा 'ब'चा एक मोल होतो. रिॲक्टरमधून एकदा जाताना २५ टक्के 'अ' खर्ची पडतो. पुढे सेपरेटरमध्ये सगळा 'ब' निघून जातो आणि उरलेला वायू परत फिरवला जातो. या परतीच्या वायूत निष्क्रिय वायू १० टक्के ठेवायचा आहे. परज किती आणि रीसायकल किती?

बाहेरच्या रेषेवर पाहा. निष्क्रिय वायू १ किलोमोल आत येतो, तेवढाच बाहेर पडायला हवा आणि त्याला वाट फक्त परजची. परजमध्ये तो १० टक्के आहे, म्हणजे परज १० किलोमोल. त्यासोबत ९ किलोमोल 'अ' वाया जातो, म्हणून रिॲक्टरमध्ये खर्च झालेला 'अ' ९०. आता रिॲक्टरकडे वळा. ९० हे २५ टक्के असतील तर आत जाणारा 'अ' ३६०. त्यातला ९९ ताजा, म्हणून २६१ रीसायकलमधून. रीसायकलमध्ये 'अ' ९० टक्के आहे, तेव्हा एकूण रीसायकल २९०. ताळा करा: सेपरेटरनंतर २७० 'अ' आणि ३० निष्क्रिय वायू, मिळून ३००. त्यातले १० परजला, २९० परत. जुळले.

एकदा जाताना रूपांतर २५ टक्के, पण सगळ्या प्लांटचे ९० भागिले ९९, म्हणजे सुमारे ९१ टक्के. प्रश्नात नुसते 'कन्व्हर्जन' लिहिले असेल तर या दोहोंपैकी कोणते, हे आधी ठरवा. निम्मी चुकीची उत्तरे इथेच जन्माला येतात.

दुसरा सापळा परज फुटतो त्या जागी. तिथे वायू फक्त विभागला जातो. आधीचा प्रवाह, परज आणि रीसायकल या तिन्हींची रचना एकच असते. प्रत्येक घटकासाठी तिथे वेगळे समीकरण लिहिले तर समीकरणांची संख्या वाढल्यासारखी दिसते, नवी माहिती मात्र शून्य. आणि परज लिहायचेच विसरलात, तर निष्क्रिय वायू साचत राहतो आणि स्थिर अवस्थेचे उत्तर अस्तित्वातच नसते. अमोनिया प्लांटमध्ये आरगॉन आणि मिथेन बाहेर काढण्यासाठी परज ठेवतात, तो याच कारणाने. मर्यादा १० ऐवजी ५ टक्के केली तर परज २० होतो आणि १९ किलोमोल 'अ' हातचा जातो. शुद्धतेची किंमत अशी मोजावी लागते.

प्रश्न : डबल पाइप हीट एक्स्चेंजरच्या (एकात एक बसवलेल्या दोन पाइपांतून गरम आणि थंड पाणी वाहते त्या उपकरणाच्या) प्रयोगात गरम पाण्याने दिलेली आणि थंड पाण्याने घेतलेली उष्णता जुळत नाही. जर्नलमध्ये आकडे 'जुळवून' लिहावेत का?

उत्तर : नको. फरक किती हे पाहून त्याचे कारण लिहा, तोंडी परीक्षेत तेच विचारतात. समजा गरम पाणी सेकंदाला ०.१० किलो, ६० वरून ५२ अंशांवर आले: ३.३४ किलोवॉट. थंड पाणी ०.१५ किलो, २८ वरून ३३ वर गेले: ३.१४ किलोवॉट. फरक सुमारे ६ टक्के. थंड बाजूची वाढ अवघी ५ अंश आहे. थर्मामीटर अर्धा अंश चुकला तरी १० टक्के चूक होते. तेव्हा या ६ टक्क्यांसाठी झोप उडवू नका.

थंड पाण्याने घेतलेली उष्णता बरीच जास्त दिसली तर मात्र थांबा. बहुधा वाचन घाईत झालेले असते. प्रवाह बदलल्यावर चारही तापमाने दर पाच मिनिटांनी लिहा आणि लागोपाठ तीन वाचने सारखी आल्यावरच पुढे जा. रोटामीटरचा (प्रवाह मोजणाऱ्या नळीचा) फ्लोट, म्हणजे आतला तरंगता तुकडा, कुठल्या कडेवर वाचायचा हे उपकरणावर ठरलेले असते. अनेकदा ती सर्वांत रुंद कड असते. ते आधी विचारून घ्या. पाइपात हवेचे बुडबुडे असतील तर फ्लोट नाचतो, ते आधी काढून टाका.

एलएमटीडी (दोन्ही टोकांच्या तापमानफरकांची लॉगरिदमिक सरासरी) काढताना दोन्ही टोकांचा तापमानफरक अगदी सारखा आला तर सूत्रात शून्य भागिले शून्य येते. तिथे तोच फरक थेट वापरायचा.

प्रश्न : सिम्युलेटरवर इथेनॉल-पाण्याचे डिस्टिलेशन केले. वातावरणीय दाबाला एकाच कॉलममधून ९९.५ टक्के इथेनॉल मिळाले! प्रोजेक्टमध्ये हे मांडू का?

उत्तर : मांडलेत तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील. या मिश्रणाचा ॲझिओट्रोप (जिथे उकळताना वाफ आणि द्रव यांची रचना एकच होते तो बिंदू) वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉलला, ७८.२ अंशांवर असतो. साध्या कॉलमने त्यापलीकडे जाता येत नाही. तुम्ही सिम्युलेटरमधले मॉडेल बहुधा 'आयडियल' ठेवले आहे, आणि त्यामागच्या राउल्टच्या नियमाला (आदर्श मिश्रणाच्या नियमाला) ॲझिओट्रोप दिसतच नाही. एनआरटीएल (आदर्श नसलेल्या द्रवमिश्रणांचे मॉडेल) निवडा, या जोडीचे बायनरी पॅरामीटर (दोन घटकांमधल्या परस्परक्रियेचे आकडे) खरोखर भरले गेलेत ना ते पाहा (रिकामे राहिले तर प्रोग्रॅम शून्य धरून मुकाट्याने पुढे जाऊ शकतो) आणि कॉलम जोडण्याआधी टी-एक्स-वाय आलेख (तापमानानुसार द्रव आणि वाफेची रचना दाखवणारा) काढा. त्यात ॲझिओट्रोप दिसला तरच पुढे चला. हायड्रोकार्बनसाठी पेंग-रॉबिन्सन हे मॉडेल चालते. दोन द्रवथर पडणारे मिश्रण असेल तर विल्सन घेऊ नका. ते मॉडेल दोन थर दाखवूच शकत नाही.